ढोल अंगणात आला तेव्हा

आमच्या गोव्यात, पेडण्याच्या बाजूला, होळीनंतरच्या शिगम्यात मेळ घरोघर फिरतो. ढोल-ताशे घेऊन गडी प्रत्येक अंगणात उभे राहतात, नमन घालतात, वाजवतात. घरची बाई त्यांना ओवाळते आणि नारळ देते. घर वगळायचं ते फक्त सुतक असेल तर. त्या वर्षी मीच निरोप पाठवला, आमच्या अंगणात वाजवू नका. सासरे माझ्याशी बोलेनासे झाले. म्हटलं, नका बोलू, तेवढीच शांतता.

कारण आमचा मुलगा. दोन वर्षांचा झाला तरी मान धरत नव्हता, दूध नाकातल्या नळीतून जायचं आणि फिट कधी येईल याचा नेम नव्हता. एकदम मोठा आवाज झाला तर फिट येऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले होते. झालं, मी ते धरूनच बसले. कुकर माळ्यावर गेला. सासरे टीव्हीवर मुक्या बातम्या बघायचे. राजकारण त्यांना कसं कळायचं ते तेच जाणोत. नवरा तुयेच्या कारखान्यातून येताना स्कूटर वळणावर बंद करून ढकलत आणायचा. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला मी सांगून ठेवलं होतं, दारात भोंपू वाजवलास तर तुझे उंडे तूच खा.

खटके उडायचे ते सिस्टरशी. ती बांद्याहून रोज बसने यायची. नळी बदलणं, छातीतला कफ काढणं, औषधं, सगळं तिच्या हातात. मीही तिच्याकडूनच शिकत होते. हात मऊ, पण आवाज बाजारातला. "हळू बोला हो," मी दिवसभर तिच्या मागे. "अजून किती हळू गो बाय? माझा माकाच आयकाक येणा नाय," ती म्हणायची.

मेळाच्या दिवशी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरेना. खिडक्या लावल्या, फटींत जुनी लुगडी कोंबली, तरी जीव टांगलेलाच. आमच्या वाड्यावरच्या गड्यांनी शब्द दिला होता, पण त्या दिवशी वरच्या वाड्यावरचे आधी निघाले आणि त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी मागीलदारी त्याच्या दुधाची भांडी उकळत होते. तेवढ्यात ढोल थेट अंगणातच वाजू लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गड्यांना शिव्या घालायच्या होत्या, पण पाय त्याच्या खोलीकडेच धावले. आत सिस्टर त्याला नळीतून दूध देत होती. आवाजाने खिडकीचं तावदान थरथरत होतं आणि तो निवांत पंख्याकडे बघत पडला होता. फिट नाही, साधं दचकणंही नाही.

मला हसूच फुटलं. "काही झालं नाही हो याला. देव पावला," मी म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा माझे खांदे सैल पडले.

सिस्टर हसली नाही. बाहेर सासऱ्यांनी हात जोडून गड्यांना थांबवलं होतं. तिने नळी चिमटून दूध थांबवलं, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मला म्हणाली, "त्येंका परत वाजवूक सांग. हंय, खिडकेकडे."

"वेड लागलंय काय तुम्हांला?"

"सांग गो."

मी सांगितलं. ढोल खिडकीला टेकून वाजला. माझ्या पोटात धडधड उतरली, कानांवर हात गेले. तो पंखाच बघत होता. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

"माका संशय होतो," सिस्टर म्हणाली. "कान तपासून घेवक व्हये."

गडी ओवाळणीसाठी ताटकळले होते. सासऱ्यांनीच नारळ दिला, मेळ पुढच्या घरी गेला. मी त्याच्या उशाशी बसून, कानाला तोंड लावून, त्याला हाक मारत होते. आधी हळू, मग मोठ्याने, मग अगदी घसा फुटेस्तोवर. रात्रंदिवस त्याच्या कानात सांगितलेलं सगळं मला आठवत होतं, आणि त्यातला एक शब्दही त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

सिस्टरने माझा दंड धरला. "बाय, फुडे ये. तुजा तोंड दिसांदे त्येका."

मी पुढे सरकले. तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं.