मामांचं मैदान

माझ्या बायकोच्या मामांनी चाळीस वर्षं इंग्लंडातली माणसं झोपवली आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक अख्खं गाव जागं ठेवण्याचा विडा उचलला. झोपवली म्हणजे रीतसर. मामा भूलतज्ज्ञ होते. टेबलावरचा पेशंट दहापासून उलटे आकडे मोजू लागला की सातच्या पुढं कुणाला जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा लौकिक. पण त्यांना डॉक्टर म्हटलं की ते कानाडोळा करत आणि गावातल्या फुटबॉल क्लबाबद्दल विचारलं की खुर्ची ओढून जवळ बसत.

मामा मूळचे कोल्हापूरच्या पेठेतले. कोल्हापुरात कुस्तीइतकंच फुटबॉलचं वेड आहे, हे आमच्यासारख्या पुण्याच्या माणसाला तिथली मुलगी केल्याशिवाय कळत नाही. पेठेच्या संघाचे लेफ्ट विंगर असलेले मामा पदवी घेऊन इकडे आले, हीथ्रोजवळच्या एका गावात नोकरीला लागले आणि पहिल्याच शनिवारी घरापासून दहा मिनिटांवर त्यांना मैदान सापडलं. इंग्लंडातल्या फुटबॉलच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर टीव्हीवर दिसणारे क्लब राहतात. तिथून जिना उतरत उतरत, दिवे मंद होत गेले की आमच्या गावाचा क्लब येतो. इथले खेळाडू सोमवारी कामावर जातात. आमचा सेंटर फॉरवर्ड विमानतळावर सामान चढवतो, गोलकीपर पोस्टात आहे आणि डिफेंडर गावातले नळ दुरुस्त करतो. शनिवारी दुपारी तीनला मॅच सुरू होते तेव्हा प्रेक्षक ऐंशीच्या आसपास असतात, कुत्री धरून.

मी आणि माझी बायको पाच वर्षांपूर्वी वर्क व्हिसावर इथे आलो ते एका शनिवारी सकाळी. मामा विमानतळावर घ्यायला आले. घरी जाऊन आंघोळ, वरणभात आणि झोप अशी माझी भाबडी कल्पना होती. मामांनी गाडी सरळ मैदानावर नेली. डिकीत आमच्या चार बॅगा, अंगात स्वेटर नाही आणि डोक्यावरून दर दीड मिनिटाला आपण नुकतेच उतरलो तशी विमानं जाताहेत, अशा अवस्थेत मी लंडनमधला पहिला दिवस लाकडी बाकावर काढला. बायकोनं हळूच म्हटलं, "मामा, ह्यांना जेट लॅग आहे."

"गोलकीपरलाही आहे," मामा म्हणाले. "त्याचं काय?"

ही शिक्षा फक्त आम्हालाच झाली असं नाही. ईलिंगला नातवंडं बघायला आलेले आजी-आजोबा, हाउन्सलोत रूम शोधणारी पोरं, मंडळाच्या कार्यक्रमाला आलेले कीर्तनकार, मामांच्या तावडीत शनिवारी जो सापडेल तो तीन वाजता त्या बाकावर. मराठी मंडळानं एकदा शनिवारी दुपारी हळदीकुंकू ठेवलं तर मामांनी अध्यक्षबाईंना फोन करून अत्यंत नम्रपणे विचारलं, "वहिनी, वर्षात दुसरा वार नव्हता का?"

मॅच सुरू झाली की मामांची मराठी कोल्हापूरला परत जायची. "अरं, सोड की बॉल, अंडी उबवतोयस काय," हे सेंटर फॉरवर्डला. "डोळं झाकून उभारलाईस का," हे लाइन्समनला. एकदा एका नव्या लाइन्समननं चहाच्या टपरीवरच्या मॉरीनला विचारलं, की ते वयस्क गृहस्थ सारखं काय म्हणत असतात. मॉरीनला मराठीचा गंध नव्हता, पण माणसांची जाण होती. ती म्हणाली, "ते तुझ्यासाठी प्रार्थना करतात." त्या लाइन्समननं पुढची दोन वर्षं मामांना टोपी काढून नमस्कार केला.

क्लबाचे डॉक्टरही मामाच. ह्या पदावर त्यांना कुणी नेमलं नव्हतं. खेळाडू पडला की रेफ्रीच्या आधी ते बॅग घेऊन आत. पण चाळीस वर्षांची सवय जाते कुठं? घोटा धरून विव्हळणाऱ्या माणसाच्या शेजारी गुडघे टेकून ते पहिला प्रश्न विचारत, "शेवटचं कधी खाल्लंस?" निम्मे खेळाडू त्या प्रश्नानंच घाबरून उठून धावू लागत. क्लबाचा चेअरमन केन म्हणायचा, की आमच्या लीगमध्ये सगळ्यात कमी दुखापती आमच्या संघाला होतात.

हा केन म्हणजे आयुष्यभर छपरं घालणारा माणूस, आता निवृत्त. बोलणं कमी, खांदे रुंद. त्याची आणि मामांची मैत्री तीस वर्षांची, आणि त्या तीस वर्षांत दोघांनी एकमेकांना घरी जेवायला बोलावलेलं नव्हतं, कारण तसं कधी सुचलंच नाही. दोघं भेटत ते मैदानावर. पावसानंतर हातात बागकामाचे काटे घेऊन मैदानाला भोकं पाडत पाणी जिरवायचं आणि रेफ्री मैदान तपासायला आला की दोघांनी मिळून त्याला सगळ्यात कोरड्या कोपऱ्यात बोलत उभं करायचं, हा त्यांचा हिवाळ्यातला उद्योग.

गेल्या वर्षी जानेवारीत लीगचा माणूस मैदानाची तपासणी करायला आला आणि त्यानं प्रेक्षकांच्या स्टँडच्या छपराकडे बघून मान हलवली. छप्पर धोकादायक. मार्चअखेर दुरुस्त झालं नाही, तर क्लब लीगबाहेर. कमिटीच्या बैठकीला पाच माणसं होती आणि त्यांतले सगळ्यात तरुण चौऱ्याहत्तर वर्षांचे आमचे मामा. मी मामांना आणायला गेलो होतो म्हणून दाराशी उभा राहून ऐकत होतो. केन म्हणाला, की पत्रे मिळतील. औद्योगिक वसाहतीतलं एक गोडाऊन पाडताहेत आणि पाडणारा आपला जुना सोबती आहे. वर चढायला माझ्या धंद्यातले चारजण येतील. पण खाली उचलायला, घासायला, रंगवायला माणसं कुठायत? आपण पाच म्हातारे. त्यापेक्षा सन्मानानं बंद करू.

मामांनी विचारलं, "किती माणसं लागतील?"

"बारा. सांगितलेलं ऐकणारी."

"तीस आणतो," मामा म्हणाले. "ऐकतील याची खात्री देत नाही. मराठी आहेत."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "मामा, तीस माणसं आणणार कुठून?"

"जावईबापू, तुमच्या ऑफिसातली ती नागपूरची मुलगी ढोल वाजवते ना?"

ती म्हणजे तन्वी. तिचं ढोल-ताशा पथक तेव्हा अक्षरशः रस्त्यावर आलं होतं. गुढीपाडव्याच्या मिरवणुकीची तयारी करायची, तर स्लाऊमधल्या ज्या गोडाऊनच्या आवारात ते वाजवत, तिथल्या मालकानं नाही म्हटलं. पार्कात वाजवलं, तर कौन्सिलचं पत्र आलं. मामांनी तिला मैदानाच्या पार्किंगमध्ये उभं केलं. डोक्यावर विमान, कुंपणापलीकडे मोटरवे. "इथं वाजव," ते म्हणाले. "ढोल वाजला हे तुमचं तुम्हालाच कळलं तर नशीब." तन्वीनं आधी मैदानाकडे बघितलं, मग छपराकडे. "काका, करायचं काय आहे?" तिनं विचारलं. तिथंच सौदा झाला. दर रविवारी सकाळी दोन तास काम, मग दोन तास ढोल.

पहिल्या रविवारी एकतीस जण आले. सगळे सॉफ्टवेअर नाहीतर बँकेतले. आयुष्यात कुणी खिळाही ठोकलेला नव्हता. एकानं केनला विचारलं, "याचं डॉक्युमेंटेशन कुठं मिळेल?" केननं आपल्या कपाळावर बोट ठेवलं. दुसऱ्यानं कुणी कुठला बाक घासायचा याची एक्सेल शीट केली आणि तिच्यावरून वाद घालण्यात पहिला तास गेला. मामा मधे उभे राहून दुभाष्याचं काम करत होते. केन एक वाक्य बोले आणि मामा त्याची चार वाक्यं करत. पण तिसऱ्या रविवारपर्यंत पोरांचे हात बसले. तन्वीला पान्यानं बोल्ट आवळताना बघून केन म्हणाला, ही मला वीस वर्षांपूर्वी मिळायला हवी होती. दुपारी ढोल सुरू झाले, की केनचे धंद्यातले मित्र छपरावरच बसून पाय हलवत.

मग एका रविवारी मामा आलेच नाहीत. फोनही उचलेनात. केननं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "त्याच्या घरी जा. मला हे ठीक दिसत नाहीये."

मामांच्या घराचं दार आतून कुलूप लावून बंद होतं. मामांनी काचेतून बघून मग उघडलं. मामी आत सोफ्यावर शांत बसल्या होत्या, पायात घरातल्या सपाता, त्यांना चिखल. मामींना गेली तीन वर्षं विसरायला होत होतं, हे आम्हाला माहीत होतं. पण मामा तो विषय निघू देत नसत. कुणी काढलाच, तर ते शनिवारच्या मॅचवर येत. त्या सकाळी मामा आंघोळीला गेले आणि मामी दार उघडून निघाल्या. तासाभरानं सापडल्या त्या हमरस्त्यावरच्या बसस्टॉपवर. विमानतळाकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला त्या मराठीत विचारत होत्या, की ही रंकाळ्याला जाते का.

"केनला सांगा, मी येणार नाही आता," मामा म्हणाले. "शनिवारीपण नाही. मी इथं बसतो." इतकी वर्षं मी त्यांना ओरडताना, हुकूम सोडताना, थापा मारताना ऐकलं होतं. इतक्या हळू आवाजात बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

मी परत येऊन केनला सांगितलं. टपरीतून मॉरीन ऐकत होती. तिनं ॲप्रन काढला, तन्वीला म्हणाली, "चहा बघ," आणि मला गाडी काढायला लावली. वाटेत तिच्याकडून मला कळलं, की क्लबाच्या खोलीत दर बुधवारी सकाळी विसरणाऱ्या माणसांसाठी ती चहा-बिस्किटं मांडून बसते आणि मामा दोन वर्षं मामींना तिथं आणतात. गावात दुसरीकडे कुठं अशी सोयच नाही. मामी आता इंग्रजी विसरत चालल्यात, तरी बुधवारी सगळ्यात जास्त त्याच बोलतात. मामांनी छपरासाठी एवढा आटापिटा का मांडलाय, हे मला त्या पाच मिनिटांत समजलं. क्लब गेला असता, तर ती खोलीही गेली असती.

मामांच्या दारात उभी राहून मॉरीन म्हणाली, "बुधवारी ती माझ्याजवळ बसते. रविवारीही बसेल आणि शनिवारीही. माझ्या टपरीला एकच दार आहे आणि त्यात मी उभी असते. आतापर्यंत माझ्या बाजूनं कुणी निसटलेलं नाही. तुमच्या बायकोनं तीस वर्षं लायब्ररीत बसून ह्या गावाला पुस्तकं दिली, डॉक्टर. माझ्या तिन्ही पोरांना तिनं वाचायला बसवलं. तिला तुम्ही एकट्यानं काय म्हणून सांभाळायचं?"

मामांनी आत जाऊन मामींचे बूट आणले आणि जमिनीवर बसून त्यांच्या नाड्या बांधल्या.

तेव्हापासून मामी टपरीत स्टुलावर बसू लागल्या. मॉरीन चहा ओतायची, मामी प्रत्येक कपात एक चमचा ठेवायच्या. चमचा ठेवून झाला की दोघी बोलत, ही इंग्रजीत, ती मराठीत, आणि रांगेतल्या माणसाला थांबावं लागे. पथकातली पोरं मामींशी मराठी बोलायला आळीपाळीनं टपरीशी जात.

मार्चच्या शेवटी लीगचा माणूस पुन्हा आला. त्यानं बाक ठोकून पाहिले, खांब हलवून पाहिले, छपराखाली बराच वेळ मान वर करून उभा राहिला आणि वहीत लिहीत बसला. केनचा चेहरा दगडासारखा. शेवटी तो माणूस म्हणाला, "चालेल." आमची पोरं पडलेल्या तोंडानं एकमेकांकडे बघू लागली. मामा मराठीत म्हणाले, "नाचा की रं. इंग्रज माणूस चालेल म्हणतो, तेव्हा त्याला फार आवडलेलं असतं."

नव्या छपराखालच्या पहिल्या मॅचला अडीचशे माणसं आली, पथक वाजलं आणि आमचा संघ तीन-एक हरला. त्यानंतर तो आणखी हरला आणि हंगाम संपला तेव्हा खालून दुसरा होता. म्हणजे ज्या लीगमध्ये राहायला छप्पर घातलं, तीतून आम्ही खेळूनच एक पायरी खाली आलो. मी मामांचं सांत्वन करायला गेलो, तर ते मलाच समजावू लागले. "छपरापायी गेलो नाही, बॉलपायी गेलो. ह्यात इज्जत आहे, जावईबापू. आणि खालच्या लीगमधली मैदानं जवळ आहेत, प्रवास वाचतो." आता क्लबाच्या कमिटीत नऊ जण आहेत. तन्वी सेक्रेटरी आहे. तिच्या मीटिंगा वेळेवर सुरू होतात, याचा केनला अजून धक्का आहे.

परवा एका बुधवारी माझी सुट्टी होती म्हणून मी मामींना भेटायला क्लबाच्या खोलीत गेलो. आठ-दहा माणसं होती. मामी मॉरीनचा हात धरून तिला शाहूपुरीतल्या घराबद्दल सांगत होत्या आणि मॉरीन आपल्या गेलेल्या नवऱ्याबद्दल. दोघींनाही ऐकून घेणारं कुणीतरी हवं होतं, ते मिळालेलं दिसत होतं. माझ्याकडे बघून मामी परक्या माणसाशी हसावं तशा हसल्या. मामा खोलीत नव्हते. केनची पाठ धरल्यापासून गवत कापायचं काम त्यांनी घेतलंय आणि ते नेमकं बुधवारी सकाळीच काढतात. मी बाहेर जाऊन त्यांना थांबवलं. म्हटलं, "मामा, गवत उद्या कापा की. आत मामींजवळ बसा थोडं."

त्यांनी मशीन बंद केलं. चष्मा पुसला.

"आत गेलो की ती मला विचारते, डॉक्टर, मला घरी कधी सोडणार," मामा म्हणाले. "बाहेरून दिसलो की हात करते."

मग त्यांनी मशीन सुरू केलं आणि मैदानाच्या त्या टोकापर्यंत सरळ रेघ काढत गेले. तिथं वळले, परत आले आणि खिडकीसमोर आल्यावर जरा हळू झाले. आतून मामींनी हात केला.