अक्का बरी झाली, त्याची गोष्ट

निजामी जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी आरोग्याची पत्रकं लिहायचो आणि येरमाळ्याच्या जत्रेत वाटायचो. माणसाचं आयुष्य औषधानं वाढतं, नवसानं न्हाय, असं तोंडावर सांगायचो. शिव्या खायचो. त्याचाही मला माज होता.

थोरली बहीण, अक्का, क्षय घेऊन माहेरी आली. तीन वर्षांची लेक सासरीच राहिली. आईनं तिकडं कळवलं, अशक्तपणा आहे. क्षय म्हटलं की सासरचं दार बंद, हे कुणाला ठाऊक नव्हतं? बार्शीहून सुया आणून आणून दीड वर्षात अक्का खडखडीत बरी झाली. परत जायचा दिवस ठरला. तिनं लेकीला परकर शिवला, अंदाजानं जरा मोठाच.

आणि मी पत्रक छापलं. ‘पुरावा पाहिजे? माझी सख्खी बहीण क्षयातून उठली!’ खाली माझं नाव, गावाचं नाव. खरं लपवून प्रगती होते का? अक्काला मी विचारलंसुद्धा नाही.

जत्रेत ते तिच्या सासऱ्यांच्या हाती पडलं. बहुधा मीच दिलं असेल. गर्दीत तोंडं कोण बघतं? त्यांनी ते मास्तरांकडून वाचून घेतलं. चौथ्या दिवशी अक्काची ट्रंक घेऊन आले. पाणीही घेतलं नाही.

“पाव्हणं, ती बरी झालीय. डॉक्टरचा कागद आहे,” मी म्हणालो.

“तुमचाबी कागद वाचला की. लई झ्याक लिवता.”

“मग?”

“मग काय? जगू द्या शंभर वर्सं. तुमच्या घरात.”

दाराआडून अक्का म्हणाली, “पोरीला तरी आणायचं होतं, मामंजी.”

“तिला आई मेली म्हणून सांगितलंय.”

या गोष्टीला चार वर्षं झाली. परवा सभेत एकानं विचारलं, आयुष्य वाढलं म्हणजे माणूस पुढं गेला का? मी ठणकावून म्हणालो, व्हय, गेला! सुई नसती तर अक्का मेली असती, हे खोटं आहे का? टाळ्या पडल्या. अक्का बायकांत बसली होती. घरी येताना म्हणाली, “मेले असते, तर पोरीला सांगितलेलं निदान खरं तरी झालं असतं.”



तिला आता खोकला नाही. अंग भरलंय. डॉक्टर म्हणतात, पुष्कळ जगेल.