मुळेकाकांचा मेन स्विच

नृसिंह मुळे घाबरट नाहीत, असं जगात फक्त त्यांची बायको शोभाकाकू म्हणायची, आणि तीही पाहुण्यांसमोर. बाकी भिंगारात सगळ्यांना माहीत होतं. एसटीत बसायचे तर दाराजवळ. पुण्याहून मुलाचा, अनीशचा, फोन सकाळी जरा लवकर आला की उचलायच्या आधीच देवाला हात जोडायचे. आणि सगळ्यांत मोठी भीती आगीची. आता गंमत बघा, जन्मात यांच्या घरी कधी साधा पडदा जळला नाही. पण पेपरात ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द दिसला की माणूस चहा अर्धा टाकून स्वयंपाकघरातली बटणं बघून यायचा.

डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर ते बसायचे. त्यांच्याहून जुनं तिथं कुणी राहिलं नव्हतं. पेशंट आला की नाव-गाव विचारायचं, कॉम्प्युटरवर त्याचा जुना नंबर काढायचा. डोळ्याचं प्रेशर मागच्या वेळी किती होतं, ऑपरेशन कधी झालं, सगळं त्या सॉफ्टवेअरमधून निघायचं आणि केसपेपर छापून डॉक्टरांकडे जायचा. ते सॉफ्टवेअर कुण्या भल्या इंजिनिअरनं फुकट करून दिलं होतं. तो नंतर परदेशी गेला आणि तिथंच वारला. काही अडलं तर त्याला विचारायला वरच जावं लागलं असतं. पण अडत काही नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेले की काका खिडक्या लावायचे, आपला कॉम्प्युटर रीतसर बंद करायचे, आणि बोळातल्या लोखंडी पेटीतला मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढायचे. ऑपरेशनची खोली, औषधांचा फ्रिज आणि डॉक्टरांची केबिन वेगळ्या लाइनवर होती, म्हणून कुणाची तक्रार नव्हती. दांडा खाली आला की काकांच्या जिवात जीव यायचा. मग ते घरी जायचे.

यंदा ट्रस्टनं जुने कॉम्प्युटर बदलायचे ठरवले. काम मिळालं भिंगारच्या बाजारात दुकान असलेल्या मेहताबला. तिचे वडील बाबाजान तिथंच रेडिओ दुरुस्त करायचे. पोरगी त्यांच्या वरताण निघाली. शहरातल्या शाळा, पतसंस्था, दोन-तीन दवाखाने, सगळ्यांचे कॉम्प्युटर तीच बघायची. त्या म्हाताऱ्या सॉफ्टवेअरला नव्या मशीनवर चढवायचं म्हणजे आजोबांना मोटारसायकलवर बसवण्यासारखं काम, पण तिनं ते केलं. सगळ्या नोंदी एका बिनपडद्याच्या काळ्या डब्यात, म्हणजे सर्व्हरमध्ये, ठेवल्या. तो डबा जुन्या मशीनच्या जागी, डॉक्टरांच्या केबिनमध्ये ठेवायचं तिच्या मनात होतं.

काका अडून बसले. “केबिनला कुलूप असतं. जुन्या मशीनची सवय झाली होती, पण आत रात्रभर हे नवं काहीतरी चालू राहणार आणि कुलूप बाहेरून? नको गं बाई.”

मेहताबनं पुष्कळ समजावलं, मग हात टेकले आणि डबा फायलींच्या खोलीत ठेवला. वर बजावलं, “काका, हा कधी बंद करायचा नाही. करायचाच झाला तर मला फोन करा, रीत दाखवते.”

“हो हो,” काका म्हणाले. आणि शपथेवर सांगायचं तर त्यांनी त्या डब्याला कधी बोटसुद्धा लावलं नाही. संध्याकाळी फक्त मेन खाली ओढला, रोजच्यासारखा.

दुसऱ्या दिवसापासून रड सुरू झाली. सकाळी सॉफ्टवेअर उघडायला घ्यावं तर पडदा काळाठिक्कर, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय. चहा झाला, पेपर वाचून झाला, तरी रेघ तिथंच. बाहेर पायऱ्यांवर गर्दी. पहिल्या गाड्यांनी आलेली खेड्यापाड्यातली माणसं, कुणाच्या डोळ्याला हिरवी पट्टी, कुणी सुनेचा हात धरून. तिसगावचे कारभारीबाबा काचबिंदूचे जुने पेशंट. ते खिडकीशी येऊन म्हणायचे, “काका, मशीन उठलं का न्हाई अजून? लई येळ झाला. मला परतीची गाडी हाय.”

“उठतंय, बाबा, उठतंय,” म्हणत काका उगाच माउस हलवून बघायचे. तासाभरानं एकदाचं उघडायचं, आणि मग दिवसभर असं धावायचं की जणू काही झालंच नाही.

मेहताब रोज यायची. तिनं व्हायरसवाला पहारेकरी काढून बघितला, तारा बदलल्या, प्रिंटरची जोडणी काढून बघितली. नेमकं घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. मग तिच्या ध्यानात आलं, डबा रात्री आपोआप मरतोय. “काका, रात्री लाइट जाते का?” तिनं विचारलं. पण फ्रिज तर रात्रभर चालू असायचा. “मग डबा कुणी बंद करतं का?”

“मी हात लावत नाही,” काका म्हणाले. बोलायची एवढी घाई कशाला केली, ते त्यांचं त्यांनाही उमगलं नाही. निदान तेव्हा तरी नाही.

मेहताबनं डबाच बिघडलाय असं धरलं. पदरमोड करून नवा आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच रेघ, तिथंच.

ट्रस्टचे सचिव आदिनाथराव तापट माणूस. त्यांनी सगळ्यांसमोर म्हणायला सुरुवात केली, “भंगार माल गळ्यात मारलाय बाईनं.” भिंगार केवढं ते. दोन दिवसांत पतसंस्थेच्या मॅनेजरनंही मेहताबला फोन करून विचारलं, आमच्याकडेही तोच माल दिलाय का म्हणून.

अशातच शनिवारी काकांनी रजा टाकली. शोभाकाकूंचा नवस होता शनिशिंगणापूरचा. दर्शन झालं, तेल वाहून झालं, पण काकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्या बिनदाराच्या घरांकडे बघूनच त्यांना कसंतरी होत होतं. उंबऱ्यावर नुसता पडदा आणि आत माणसं खुशाल झोपलेली. “यांना झोप लागते तरी कशी?” ते म्हणाले. शोभाकाकू म्हणाल्या, “तुम्हाला दार असून कुठं लागते?”

त्या दिवशी दवाखाना बंद केला झाडू-पोछा करणाऱ्या रेश्मानं. तिनं कुलूप लावलं आणि गेली. मेन स्विचच्या वाटेला ती कशाला जाईल?

सोमवारी काका धास्तीनंच खिडकीवर बसले. बटण दाबलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत सॉफ्टवेअर उघडलं. कारभारीबाबांचा केसपेपर पहिला निघाला, म्हातारा हसला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “चला, मेहताबला सापडलं म्हणायचं.” काकांनीही मान हलवली. आनंद झाला होता त्यांना, खोटं कशाला बोला.

संध्याकाळी त्यांनी मेन ओढला. मंगळवारी सकाळी पडदा काळा, आणि रेघ लुकलुकतेय.

तेव्हा त्यांना कळलं. एकदम कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते पहिल्या दिवसापासून होतंच, फक्त त्यांनी तिकडे पाठ फिरवली होती. निवृत्तीला थोडेच महिने राहिलेले. इतक्या वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं. आता सगळे म्हणणार, मुळ्यांमुळे आंधळी-पांगळी माणसं पायऱ्यांवर बसली, मुळ्यांमुळे त्या बाईनं पदरचे पैसे घालून नवा डबा आणला. बोलायला तोंड उघडावं तर भीती, गप्प बसावं तर त्याहून भीती.

त्याच दिवशी दुपारी आदिनाथरावांनी मेहताबला ऑफिसात बोलावलं. काकाही होते, डॉक्टरही होते. आदिनाथराव म्हणाले, “आठ दिवसांत तुमचा सगळा माल उचला. आणि मी बाकीच्यांनाही सांगणार आहे, कुणी फसू नका.” मग काकांकडे वळून विचारलं, “काय मुळे, जुनी मशीन बरी होती की नाही?”

काकांनी मान वर केली नाही. “बरी होती,” ते म्हणाले.

मेहताबनं पिशवी उचलली. तिनं एकदा काकांकडे बघितलं आणि गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथंच शेजारी बसलेला, सदऱ्याच्या गुंड्या नीट लावून.

त्या संध्याकाळी काका मेनच्या पेटीसमोर उभे राहिले. हात वर नेला, खाली घेतला. परत नेला. डब्यातून ठिणगी उडतेय, फायली पेटल्यात, असं त्यांना लख्ख दिसत होतं. तरी न ओढता ते घरी गेले. जेवण गेलं नाही. शोभाकाकूंनी कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता.

बुधवारी सकाळी दवाखाना जागच्या जागी होता, आणि सॉफ्टवेअर झटकन उघडलं. आता पळवाट उरली नव्हती. काकांनी स्वतः फोन करून मेहताबला बोलावलं, आणि ती आल्यावर तिला घेऊन आदिनाथरावांच्या ऑफिसात गेले. डॉक्टरांनाही हाक मारली. आवाज असा कापत होता की पहिली दोन वाक्यं कुणाला समजलीच नाहीत. मग एका दमात म्हणाले, “रोज संध्याकाळी मी मेन पाडतो. डबा त्याच लाइनवर आहे. केबिनमधून तो मीच हलवायला लावला. मला ती भीती... मशीनचा दोष नाही. हिचा तर नाहीच नाही.”

 मेहताबनं डोळे मिटले, उघडले, आणि डॉक्टरांकडे बघून सावकाश सांगितलं, “डबा असा अचानक मेला की सॉफ्टवेअरला वाटतं नोंदी बिघडल्या. मग सकाळी पहिल्या पेशंटपासून शेवटच्यापर्यंत सगळ्या तपासत बसतं. जुनं मशीन फ्रिजच्या लाइनवर होतं, ते कधी मेलंच नाही.”

काका डोकं खाली घालून उभे होते. आता काय ते होऊन जाऊ दे.

आदिनाथराव मोठ्यानं हसले. “अहो मुळे, एवढंच होय? घाबरवलंत की. माणूस आहे, चुकतो. बसा, बसा, किती घाम आलाय तुम्हाला.” त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, रेश्माला चहा सांगितला. डॉक्टर पाठीवर थोपटून गेले. काकांना क्षणभर रडूच आलं, इतकं हलकं वाटलं. एवढे दिवस ज्याला भ्यायलो, ते हे असं होतं तर.

“डबा केबिनमध्ये हलवून टाका आजच,” आदिनाथराव मेहताबला म्हणाले आणि फोनवर बोलत बाहेर गेले.

रेश्मानं चहा आणून काकांसमोर ठेवला. मेहताब पिशवीतून पाने-पकड काढत होती. काकांकडे पाठ करूनच तिचं काम चाललं होतं, आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

“चुकलात तुम्ही, आणि बसायला खुर्ची मिळाली, चहा मिळाला,” ती म्हणाली. “काल माझी काही चूक नव्हती, काका. मी अर्धा तास उभी होते. तुमच्या ध्यानात तरी आलं का?”

काकांनी आठवून बघितलं. काल ऑफिसात खुर्च्या होत्या, ते स्वतः एकीवर बसले होते. मेहताब कुठं होती, बसलेली की उभी, त्यांना काही केल्या आठवेना. त्यांनी कप उचलला नाही. उठले, खुर्ची तिच्याकडे सरकवली, आणि ती बसणार नाही हे ठाऊक असून तिथंच उभे राहिले.