पुतळामावशीने सांगितलेलं नाव

पुतळामावशीचे पुढचे दात भिवाने पाडले. भिवा म्हणजे तिचा नवरा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. संप लागला, वर्ष उलटलं, तरी गिरणी काही सुरू होईना. आधी हा गेटवर जाऊन कामावर जाणाऱ्यांना फोडायचा. पुढे फोडायला तिथे कोणी उरलं नाही, तेव्हा घरी येऊन बायकोला फोडायला लागला. लोक म्हणतात, बिचाऱ्याचं डोकं फिरलं. अरे, फिरलं तर भिंतीवर आपट ना! शेजारच्या खोलीतल्या बाप्याचाही संपच होता, तो नाक्यावर भाजी घेऊन बसला. ह्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवू नये.

रक्ताचा पदर तोंडावर धरून मावशी डिलाईल रोडला आर्थर डॉक्टरांकडे आली. दातांचा दवाखाना नुकताच उघडला होता. डॉक्टरांनी तिला कवळी करून दिली आणि कामालाही ठेवलं. पुढे भिवा दारू पिऊन मेला. मावशी मला म्हणाली, "ललिता, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी पहिल्यांदा पाय पसरून झोपले."

मी तिथे काउंटरवर लागले तेव्हा मावशीचा दवाखान्यात भलताच दरारा होता. हत्यारं उकळायची, कापूस द्यायचा आणि पेशंटचं डोकं धरायचं, ही तिची कामं. भलेभले पैलवान खुर्चीत बसले की हातपाय झाडतात. मावशी कपाळावर पंजा ठेवायची आणि म्हणायची, "गप रव मेल्या, अजून हात पण नाय लावला!" माणूस गप.

गिरण्या गेल्या, टॉवर आले, डॉक्टरांचे एकाचे तीन दवाखाने झाले. डिलाईल रोड, लालबाग आणि माझगाव. पण पेशंटची कार्डं जिथल्या तिथे, आणि तिथेच घोळ. लालबागच्या एका पोराचा एक्स-रे राहिला लालबागला, तो दात काढायला गेला माझगावला, आणि शेजारचा चांगला दात निघाला. त्याच्या भावाने येऊन लालबागची काच फोडली, डॉक्टरांच्या कानाखाली जाळ काढला. गाल सुजवून डॉक्टर म्हणाले, "बस्स. कॉम्प्युटर घ्यायचा. तिन्ही दवाखान्यांचं एकच सॉफ्टवेअर."

मग काय, एकेक कंपनीवाला येऊ लागला. मावशीला ह्या प्रकरणाचा भारी सोस. टीव्हीसमोर बसावं तशी स्टूल घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायची.

आता रखमाचं सांगते. रखमा वरळी कोळीवाड्यातली, दिली होती आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत. नवरा जयवंत, एका बिल्डरसाठी चाळकऱ्यांच्या खोल्या खाली करून द्यायचा. कशा, ते विचारू नका. बाहेर जे करायचा तेच घरी. एकदा पोर जबडा धरून आमच्याकडे आली, आणि मावशी तिच्याकडे नुसती बघत राहिली. पोरीची सगळी हकिकत मावशीला न सांगताच कळली. मावशीनेच तिला घरातून काढलं. जयवंत आधी माहेरीच शोधणार, म्हणून माझगावला ठेवली. तिथल्या दवाखान्यातली आमची नॉर्मा, तिच्या आत्याच्या खोलीत. जयवंत चाळीत उघड सांगत फिरत होता, "सापडली की गळाच चिरतो." ती कुठे आहे हे मावशी, नॉर्मा, तिची आत्या, डॉक्टर आणि मी, एवढ्यांनाच माहीत. तिचा फुटलेला दात माझगावलाच हळूहळू दुरुस्त होत होता.

तर त्या दुपारी एक टायवाला आला. आमची जुनी कार्डं त्याने दाखवण्यापुरती कॉम्प्युटरात भरली होती, माझगावच्या त्या दिवसाच्या वेळासुद्धा. बोलायला असा गोड की मुंग्या लागतील. म्हणाला, "मावशी, तुम्ही सांगा एक नाव. तिन्ही ब्रँचमधून शोधून दाखवतो."

मावशीच्या मनात दिवसभर एकच नाव. रखमाला पाचला माझगावला यायचं होतं. हसत म्हणाली, "आमच्या रखमाचं बघ."

त्याने बटणं दाबली. डिलाईल रोडचं जुनं कार्ड आणि माझगावची पाचची वेळ, दोन्ही एका जागी. मावशीने टाळ्या पिटल्या. "बघ गो ललिता, सापडली!"

"आणि हे बघा," टायवाला म्हणाला, "पेशंटला आठवणीचा मेसेजही गेला, पाच वाजता, माझगाव. आत्ता, खराखुरा!"

मेसेज गेला? कुठल्या नंबरावर? आमच्याकडे बाईचं कार्ड काढलं तरी त्यावर फोन लिहायचा घरधन्याचा. सगळ्या चाळींची तीच रीत. मी स्क्रीनवरचा नंबर वाचला. "मावशी, हा जयवंतचा!"

मी माझगावला फोन लावला. नॉर्मा म्हणाली, रखमा लवकरच आली, खुर्चीत आहे, तिथल्या छोट्या डॉक्टरांनी नस काढायला दात उघडलाय. "शटर ओढ," मी किंचाळले, "आतून कुलूप घाल!" डॉक्टर, मावशी आणि मी टॅक्सीत बसलो. सबंध रस्ताभर मावशी स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होती. मी तिचा हात धरला तर मला हिसडा दिला.

आम्ही पोचलो तेव्हा जयवंत शटरखाली पहार घालून उचकटत होता. आतून नॉर्मा ओरडत होती. रस्त्यावर ही गर्दी, आणि सगळे हाताची घडी घालून. थूः तुमच्या जिनगानीवर!

डॉक्टर म्हणाले, "पोलिसांना फोन करतो." तोवर मावशी उतरली सुद्धा. जाऊन तिने त्याची कॉलर धरली. त्याने वळून सरळ तिच्या तोंडावर ठोसा घातला. कवळीचे दोन तुकडे होऊन रस्त्यावर पडले, ओठ फाटला. मावशी पडली नाही. मग त्याने पहार टाकली आणि दोन्ही हातांनी तिचे केस धरले. तिथेच चुकला तो. मावशी केसांसकट खाली वाकली, पहार उचलली आणि त्याच्या नडगीवर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो कोसळला. मग गुडघा. मग हात. तो "आई आई" करायला लागला तरी हिची पहार चालूच. भिवाचे सगळे मार ती परत करत होती, असं मला वाटलं. मी तिला कमरेला धरून मागे ओढली. जरा हळूच ओढली, का लपवू? मला बरं वाटत होतं.

पोलिसांनी त्याला उचलून हॉस्पिटलात नेला. पहिला ठोसा कोणाचा ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तो शटर उचकटत होता याची नॉर्माची साक्षही होती. टायवाला दुसऱ्या दिवशी निर्लज्जासारखा ऑर्डर घ्यायला आला, त्याला मी जिन्यावरूनच परतवला. पुढे डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं, विचारल्याशिवाय कोणाला मेसेज न पाठवणारं. छान चालतं, काही तक्रार नाही.

पण त्या संध्याकाळी शटर वर गेलं आणि रखमा बाहेर आली. गालात कापूस. रस्त्यावरचं रक्त बघून तिने विचारलं, "त्याला कळलं कसं?"

डॉक्टर म्हणाले, "ते कॉम्प्युटरचं जरा असं झालं की..."

"कॉम्प्युटर नाय," मावशी म्हणाली. पुढचे दात नसल्याने शब्द धड येत नव्हते. "मी नाव सांगितलं तुझं."

रखमा रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिने नॉर्माकडून आपली पिशवी घेतली आणि चालू लागली.

मावशी मागोमाग गेली. "खंय चाललंस गो?"

"तुला कशाला सांगू?"

मावशी जागच्या जागी थांबली. फाटलेला ओठ पदराने दाबून एवढंच म्हणाली, "अगो, दात उघडा आहे. दुखेल."

"दुखू दे," रखमा म्हणाली, आणि मागे न बघता गर्दीत गेली.