चोर सिलॅबस बघून येत नाही
हुबळीत मी इंजिनिअरिंगला होते तेव्हा, म्हणजे दोन हजार सालाच्या आसपास, सायबर सिक्युरिटी नावाचा विषय आमच्या कॉलेजात नव्हता. प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या मॅडम मात्र होत्या. धारवाडच्या मराठी घरातल्या, शांत आवाजाच्या आणि महाखट.

शेवटच्या वर्षी मी वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, कापडदुकानासाठी शिल्लक माल सांगणारा प्रोग्राम लिहिला आणि मोठ्या तोऱ्यात लॅबमध्ये मॅडमना दाखवला. पासवर्डाची चौकट बघून त्यांनी विचारलं, "तुमचं कुलदैवत कुठलं गं?"

"कोल्हापूरची अंबाबाई."

त्यांनी तेच टाइप केलं. प्रोग्राम उघडला! आमच्यात दुकान असो की स्कूटर, नव्या वस्तूवर आधी देवाचं नाव. कॉम्प्युटर कसा सुटणार? पुढच्या टेबलावरच्या पासवर्डात यल्लम्मा निघाली, त्यापुढं जोतिबा. सगळा वर्ग हसत होता. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"मॅडम, हे सिलॅबसमध्ये नाही."

"चोर काय सिलॅबस बघून येतोय काय?"

तेव्हापासून आम्ही लिहायचं आणि त्यांनी फोडायचं. आकड्याच्या जागी अक्षरं घालायच्या, नावाच्या जागी पानभर मजकूर. प्रोग्राम कोसळला की म्हणायच्या, "आता कारण सांग." कारण शोधायला मेमरी, डेटाबेस, नेटवर्क सगळं पुन्हा वाचावं लागे. रटाळ वाटलेले विषय मला तिथंच खरे कळले.

दोन कंपन्यांनी मला आधीच नाकारलं होतं. तिसरी शेवटची, ती हुकली की हुबळीच्याच लॅमिंग्टन रोडवर अप्पांच्या दुकानात बसायचं ठरलेलं. आईनं देव पाण्यात ठेवले होते. मुलाखतीत लॉगिनचा प्रोग्राम लिहायला सांगितला. लिहून झाला, पण मला चैन पडेना. त्या लोकांसमोरच मी तो फोडायला बसले, आणि तो फुटला. संपलं सगळं, असं वाटलं. तरी कारण सांगितलं आणि दुरुस्त केला.

"सिक्युरिटी कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं.

"वेगळी नाही शिकले. प्रोग्रामिंगच शिकले."

त्यांनी मला बंगळूरला सिक्युरिटीच्याच कामावर घेतलं.

पेढे घेऊन लॅबमध्ये गेले. मॅडमनी पेढा तोंडात टाकला, खुर्चीवरून उठल्या आणि मला तिथं बसवलं. पडद्यावर त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम होता.

"आता माझा फोड बघू," म्हणाल्या.

नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा मी रडले नव्हते. त्या खुर्चीत बसल्यावर मात्र रडले.