आत्याची प्रार्थना आणि माझं मत

प्रार्थनेच्या जोरावर आख्खी मीटिंग फिरवणारी बाई जुन्नर तालुक्यात एकच झाली, आणि ती माझी आत्या. आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाशी भांडायचं असेल तर लोक चर्चच्या आवारात भांडतात, चहा पिताना भांडतात, हल्ली ग्रुपवरही भांडतात. आत्या कधीच कुणाशी भांडली नाही. ती हात जोडायची, डोळे गच्च मिटायची आणि थेट वर तक्रार करायची. प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, ही आमच्यातली शिस्त. त्यामुळे तिचं बोलणं संपेपर्यंत चर्चच्या पाळकसाहेबांनाही मान खाली घालून ऐकावं लागायचं, आणि शेवटी सगळ्यांच्या बरोबरीने ‘आमेन’ म्हणावं लागायचं. एकदा आमेन म्हटलं की विरोध कसा करणार?

आधीच्या पाळकसाहेबांनी रविवारची उपासना नऊऐवजी सातला घ्यायचं मनात घेतलं होतं. ठराव मांडण्याआधी त्यांनी आत्याला प्रार्थना करायला सांगितली, ही त्यांची चूक. आत्या म्हणाली, “प्रभो, तू सोता गोठ्यात जल्मलास. सात वाजता धारा काढायच्या असत्यात, हे तुला सांगाया नको. पाळकसाहेबांना बी ते कळू दे.” ठराव मांडलाच गेला नाही. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत बायका घ्यायचा विषय निघाला तेव्हाही तसंच. पुरुषमंडळी घसा खाकरत होती, तेवढ्यात हिची सुरुवात झाली: “बापा, तू कबरंतून उठलास तवा पैल्यांदा बायकांनीच बघितलं. बापय दारं लावून बसलं व्हतं, पर आमी त्यांना नावं ठेवत न्हाई.” पुढच्या निवडणुकीत ती स्वतःच कमिटीवर आली, आणि कमिटीचा सेक्रेटरी मी, तिचं नाव वहीत लिहिताना मला हसू आवरलं नाही. मी शाळेत शिकवतो, म्हणून सख्ख्या भाच्यालाही ती मास्तरच म्हणते.

पण कमिटीच्या गेल्या वर्षीच्या सभेला हसण्यासारखं काही नव्हतं. ओतूरच्या वरच्या अंगाला आत्याच्या गावी आमच्या मंडळीचं एक छोटं चर्च आहे. तिथली तरुण माणसं चिंचवड-भोसरीला गेली, चार घरं उरली, तीही म्हाताऱ्यांची. चर्चच्या छपराच्या वाशांना वाळवी लागली. एकच पाळक, त्यांची एकच मोटरसायकल आणि उपासनेची ठिकाणं चार. तिथली उपासना बंद करून त्या चार घरांना वारूळवाडीच्या चर्चला जोडावं, असा ठराव होता. पाळकसाहेबांनी सभेआधी मला बाजूला घेऊन सांगितलं, “मास्तर, आज आत्याबाईंना प्रार्थना सांगायची नाही.” मी मान डोलावली. मला ठराव पटला होता, आणि खरं सांगायचं तर दर सभेत आत्याच जिंकते याचा थोडा कंटाळाही आला होता.

सुरुवातीची प्रार्थना आळ्याच्या एका पंचांना दिली. ते दोन वाक्यांत उरकतात. मग चर्चा सुरू झाली आणि आत्या उभी राहिली. डोळे उघडे ठेवून, माणसांकडे बघून तिला बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिला जमेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, “तिथं माझं लगीन लागलं. यांना मूठमाती बी तिथंच दिली. वारूळवाडीला यायाचं तर दोन एसट्या बदलाव्या लागत्यात. थोरल्या जाऊबाईंचं गुडघं... आमी कुठं जायाचं?” एवढं बोलून ती बसली.  

आमच्याकडे सोयरेधायरे एकमेकांवर रुसू नयेत म्हणून मतदान डोळे मिटून करतात. सेक्रेटरीने तेवढे उघडे ठेवून हात मोजायचे. पाळकसाहेब म्हणाले, “डोळे मिटा.” लागलीच सवयीने सगळ्यांच्या माना खाली गेल्या, हात जोडले गेले आणि एका पंचांनी “हे आमच्या स्वर्गीय पित्या” म्हणून सुरुवातही केली. हात एकही वर नाही. एरवी हशा पिकला असता. त्या दिवशी कुणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी नीट समजावून पुन्हा सांगितलं. ठरावाच्या बाजूने पाच हात वर आले. विरोधात पाच. माझं मत उरलं होतं. समोर आत्या बसली होती, डोळे गच्च मिटून, हात उंच धरून. मी माझा हात ठरावाच्या बाजूने वर केला. तो पाहणारं तिथं कुणी नव्हतं.

“सहा विरुद्ध पाच,” मी वाचून दाखवलं. माझा आवाज मलाच परका वाटला. आत्याला कोण कुणीकडे आहे हे आधीच ठाऊक होतं, तिला हिशेब करायला किती वेळ लागणार? पाळकसाहेबांनाही बहुतेक वाईट वाटलं असावं, कारण ते म्हणाले, “आत्याबाई, शेवटची प्रार्थना तुम्ही करा.” सगळे धास्तावले. आता ही वर कुणाकुणाची नावं सांगते याची वाट बघत आम्ही माना खाली घातल्या.  ती हळूच म्हणाली, “प्रभो, मंडळीनं ठरवलं, ते ठरलं. माझा मास्तर एकटाच डोळं उघडं ठिवून बसला व्हता. त्याला समदं बघावं लागलं. त्याला कुणी बोल लावू नये, आन् त्यानं सोताला बी लावू नये. आमेन.”

मला आमेन म्हणता आलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी गाडी घेऊन वर तिच्या गावी जातो आणि आत्याला, तिच्या जाऊबाईंना वारूळवाडीला आणतो. आत्या वाटेत कांद्याबद्दल, बिबट्याबद्दल भरपूर बोलते. चर्चमध्ये मात्र कुणी प्रार्थना करायला सांगितलं की, “दुसऱ्या कुणाला सांगा,” म्हणते. सभा आता वेळेत संपतात आणि मला त्या अजिबात आवडत नाहीत. परवा मी न राहवून म्हणालो, “आत्या, पुढच्या सभेत तो विषय पुन्हा घेतो. महिन्यातून एक रविवार तरी वर उपासना ठेवू. तू प्रार्थना कर, म्हणजे होईल.” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मत तुझं व्हतं मास्तर. प्रार्थना बी तूच कर.”

सभा पुढच्या आठवड्यात आहे. चारचौघांत मोठ्याने प्रार्थना मी आजवर कधी केलेली नाही. रोज शाळेतून येताना गाडीच्या काचा वर करून मी सराव करतो, आणि पहिल्या वाक्याच्या पुढे अजून जाता आलेलं नाही.