इल्दामावशींचा राहिलेला अध्याय

न्यू जर्सीतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या गल्लीत एक लेखिका राहते, हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. शेजारची पोर्तुगीज आजी, टोमॅटो छान लावते, कुंपणापलीकडून हात करते, एवढीच माझी ओळख. एकदा तिचं पार्सल चुकून आमच्या दारात पडलं. ते द्यायला गेले तर तिनं माझ्यासमोरच उघडलं. आत पुस्तकं, आणि मागच्या पानावर हिचाच फोटो.

"हे तुम्ही लिहिलंय?" मी विचारलं.

"मग काय, पोस्टमननं?" त्या म्हणाल्या.

मला असली माणसं आवडतात. तिथेच आमचं जमलं. त्यांचं नाव इल्दा मोरैश, वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. अर्थ सांगितला तर म्हणाल्या, "आईची बहीण? चालेल. आजीपेक्षा बरं."

उत्तर पोर्तुगालमधलं डोंगरातलं गाव, शाळा चौथीपर्यंत. पंचविशीत नवऱ्याच्या, मनुएलच्या मागोमाग न्यू जर्सीत आल्या आणि कोटांच्या कारखान्यात बाह्या जोडायला बसल्या. बाह्या जोडता जोडता डोक्यात गोष्टी जुळवायच्या. त्या गोष्टी इथल्या पोर्तुगीज साप्ताहिकात येऊ लागल्या आणि पुढे तिकडच्या एका छोट्या प्रकाशकानं त्यांची तीन पुस्तकं काढली. गावाची पावाची सामायिक भट्टी, कामासाठी फ्रान्सला गेलेले आणि परत न आलेले नवरे, त्यांच्या बायका, त्या बायकांच्या सासवा. थोडक्यात, मला एकही ओळ वाचता येत नव्हती, पण त्या सांगायच्या ते सगळं ओळखीचं होतं.

त्यांची लिहायची तऱ्हा मात्र जगावेगळी. रविवारी स्वयंपाक करता करता गोष्ट सांगायची, कागदाला हात लावायचा नाही. पुढच्या रविवारी ऐकणाऱ्यानं तीच गोष्ट त्यांना परत सांगायची. त्याला आठवलं ते लिहायचं, तो विसरला ते गेलं. ऐकायला अर्थातच मनुएल.

"तो फार विसराळू होता," मावशी म्हणायच्या. "म्हणून माझी पुस्तकं एवढी बारीक."

मनुएल गेला आणि लिहिणं थांबलं. चौथं पुस्तक त्यांच्या आईवरचं होतं. त्याचा फक्त शेवटचा अध्याय राहिला होता, आईच्या मरणाचा. ऐकायला माणूस नव्हतं, मी आयती सापडले. मग दर रविवारी त्यांच्या ओट्याशी माझी खुर्ची ठरलेली. त्या मोडक्या इंग्रजीत सांगायच्या, मी माझ्या इंग्रजीत ऐकायची.

रविवारी त्यांचा मुलगा टोनीही यायचा. पन्नाशीचा, धिप्पाड, भला माणूस. लॉन कापायचा, दिवे बदलायचा, उभ्यानं कॉफी प्यायचा आणि जायचा. आईच्या पुस्तकांबद्दल तो 'मॉम्स स्टोरीज' असं म्हणायचा, आपण कुणाच्या भरतकामाबद्दल बोलावं तसं. पोर्तुगीज त्याला घरातल्यापुरतं कळायचं, वाचता येत नव्हतं. मला त्याचा राग यायचा. माझी लेक रुही मराठी पुस्तकाकडे ढुंकून बघत नाही, त्यामुळे हा राग नेमका कुणावरचा होता, कुणास ठाऊक.

"हे पुस्तक गावातले लोक वाचतील," मावशी एकदा म्हणाल्या. "पण मी लिहितेय टोनीसाठी. त्याची आजी कोण होती, त्याला माहीतच नाही." मग सूप ढवळत बसल्या. एवढी धारदार बाई, पण पोटच्या मुलाला 'बस, ऐक' म्हणायची तिची छाती होत नव्हती.

शेवटचा अध्याय त्यांनी मला सांगितला तो अगदी थोडक्यात. आई गेली तेव्हा त्या अमेरिकेत होत्या, जाता आलं नाही. बहिणीनं नंतर कळवलं, की दफनानंतर आईच्या नावानं गरिबांना मक्याचा पाव वाटला आणि उरलेले तुकडे चर्चच्या भिंतीवर ठेवले, ते पाखरांनी खाल्ले.

पुढच्या रविवारी मी ते परत सांगितलं. पाव वाटला, तुकडे भिंतीवर ठेवले, पण पाखरं शिवेनात. सगळे ताटकळत उभे. शेवटी धाकट्या बहिणीनं पुढे होऊन सांगितलं, इल्दाची काळजी करू नकोस, ती तिकडे बरी आहे. तेव्हा कुठे पाखरू आलं.

मावशींच्या हातातला चमचा थांबला. "हे मी सांगितलं नव्हतं."

मी जीभ चावली. हे त्यांच्या गावचं नव्हतंच, माझ्या आईचं होतं. आईचा दहावा मी व्हिडिओ कॉलवर पाहिला, साताऱ्याजवळ, माहुलीच्या घाटावर. कावळा काही केल्या पिंडाला शिवेना, तेव्हा माझा भाऊ म्हणाला होता, "आई, ताईची काळजी करू नकोस." आणि कावळा आला. पोर्तुगालच्या चर्चच्या भिंतीवर मी माझाच घाट नेऊन बसवला होता. मी सगळं त्यांना समजावून सांगितलं. गेलेल्या माणसाचं काही मनात राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, असं आमच्याकडे मानतात. मग मागे राहिलेल्यांनी ते ओळखायचं आणि शब्द द्यायचा. सांगताना मला रडू आलं, आणि ते लपवायच्या भानगडीत मी पडले नाही.

आता मावशी ते खोडतील असं मला वाटलं. त्यांनी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"माझ्या आईच्या मनात काय राहिलं असेल, ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "शेवटचे दिवस ती विचारत होती, इल्दा का येत नाही. मी कुणाला कारण कळवलंच नव्हतं."

"काय कारण होतं?"

"ते आधी टोनीला सांगायला हवं. त्याला सांगितल्याशिवाय मला हा अध्याय लिहिता येणार नाही."

"मग सांगा ना."

"तो बसतो कुठे?"

घरी येऊन मी राजीवला म्हटलं, आता मीच टोनीशी बोलते. आमच्या ह्यांचं ठरलेलं उत्तर आलं. "वीणा, यार, त्यांचं फॅमिली मॅटर आहे. तू कशाला इंटरफिअर करतेस? उगाच रिलेशन खराब होईल."

"होऊ दे," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मी टोनीला ड्राइव्हवेतच गाठलं. म्हटलं, तुझ्या आईचं पुस्तक तुझ्यापाशी अडलंय. तो म्हणाला, मला ते वाचता येत नाही. मी म्हटलं, मलाही येत नाही, मी दर आठवड्याला ऐकते. गवत उद्या कापलंस तरी चालेल, आज आत जाऊन बस. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण तो सरळ आत आला आणि माझ्या खुर्चीत बसला. मी दाराशी उभी राहिले.

मावशींनी त्याला आईची सगळी गोष्ट सांगितली. पहाटे भट्टी पेटवणारी, लिहिता-वाचता न येणारी, पोरींना शाळेत पाठवायचं म्हणून एक शेत विकणारी बाई. तिचं आजारपण, तिचं मरण, मक्याचा पाव, भिंत, पाखरं. कॉफी गार झाली तरी टोनी उठला नाही. पण मुख्य गोष्ट त्या दिवशीही मावशींच्या तोंडून निघाली नाही. आपण उगाच जबरदस्ती केली की काय, असं मला रात्रभर वाटत राहिलं.

पुढच्या रविवारी टोनीची पाळी. त्यानं चांगलं सांगितलं, भट्टीतल्या राखेपर्यंत. मग तो अडखळला.

"एकच गोष्ट जमत नाही, मॉम. आजी मुलीसाठी एवढी थांबली होती. मग मुलगी का आली नाही? तू सांगितलंच नाहीस."

मावशींनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"तू पोटात होतास," त्या म्हणाल्या. "आठवा महिना. डॉक्टर म्हणाले, एवढा प्रवास केलास तर मूल हाती लागेलच असं नाही. मी राहिले."

टोनीनं खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुला ओझं झालं असतं. आणि आईला कळवलं असतं तर तिलाही झालं असतं. मी दोघांनाही सांगितलं नाही."

त्यानं आईचे हात आपल्या हातात घेतले. 

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून. तुझ्या भाषेत. जे कळणार नाही ते मी विचारेन."

मावशींनी पोर्तुगीजमध्ये सुरुवात केली. मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. मी हळूच दार ओढून घेतलं आणि घरी आले. आता त्या घरात ऐकायला माझी गरज उरली नव्हती, आणि याचा इतका आनंद मला होईल असं मला वाटलं नव्हतं.